कुस्कोहून बाबांना कळवलेलं जेवण

मी नवऱ्यासोबत अँडीजच्या डोंगरात फिरत होते तेव्हा पुण्यात माझे बाबा गेले. मला ते कळलं झूटरमेरला, आम्ही राहतो त्या डच गावात, घरी परतल्यावर. मधले सगळे दिवस मी त्यांना जेवणाचे फोटो पाठवत होते, आणि त्यांची उत्तरंही येत होती.

मी इकडे राहायला आल्यापासून बाबा रोज एकच विचारायचे, ‘काय खाल्लंस?’ नोकरी कशी चाललीय, थंडी किती, काही नाही. मी उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘त्यात अंडं नव्हतं ना?’ केक म्हटलं की कुणी केला, चीज म्हटलं की कशापासून केलेलं. चाळिशी उलटलेल्या बाईला असं विचारतात का? मी वैतागायचे. पेरूला जायचं ठरलं तेव्हा तर त्यांनी माझं डोकंच खाल्लं. नुसतं ‘मांस नको’ म्हणू नकोस, कोंबडी नको, मासा नको, असं वेगवेगळं सांग. निघताना फोनवर म्हणाले, ‘रोज कळव, मी वाट बघतो.’

आणि त्यांचंच खरं झालं. कुस्कोत पहिल्याच दुपारी मी ‘मांस नको’ एवढंच म्हणाले आणि सूपमधून कोंबडीची तंगडी वर आली. तिथे कोंबडीला कुणी मांसात धरत नाही. मी वाडगा सरकवला, फोटो काढला आणि बाबांना पाठवला, वर लिहिलं, ‘उपाशी.’ पुण्यात तेव्हा त्यांची झोपायची वेळ कधीच टळून गेली होती, तरी उत्तर लगेच आलं. ‘सांगितलं होतं.’

संध्याकाळी एका बाईकडे उकडलेले बटाटे मिळाले, जांभळे, पिवळे, सोबत हिरव्या मिरचीचं वाटण. मी अधाशासारखे खाल्ले. हॉटेलात नेटवर्क नव्हतं, म्हणून फोटो सकाळी गेला. उत्तर यायला दुसरा दिवस उजाडला, ‘छान. पोटभर जेव.’

मग रोज तेच. किनवा या तिथल्या धान्याचं घट्ट सूप, मोठाल्या दाण्यांचं कणीस आणि चीज, बाजारातला भाजीभात. मी हौसेने पाठवत होते आणि तिकडून ‘छान. पोटभर जेव’ येत होतं. अंड्याचं नाव नाही. मी नवऱ्याला म्हटलं, ‘बाबा सुधारले बघ.’ तो बुटाची नाडी बांधायला वाकला आणि नुसतं ‘हं’ म्हणाला. फोन केला तर दादा उचलायचा. बाबा झोपलेत, बाबा देवळात गेलेत. तिथल्या आणि पुण्याच्या वेळेचा इतका घोळ होता की मला सगळं पटत गेलं.

नवऱ्याला जेवण जात नव्हतं. उंचीमुळे होतं म्हणाला. मी त्याच्या ताटातलंही संपवत होते.

माचू पिचूला ढग होते, मग ऊन पडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या फोटोंत मी दात काढून हसतेय. ते फोटो मी आता उघडत नाही. परतताना कुस्कोच्या चौकात गाइडने सांगितलं की इंका लोक आपल्या मेलेल्या राजांना जपून ठेवायचे. त्यांना चांगले कपडे घालून या चौकात आणून बसवायचे, त्यांच्यापुढे जेवण ठेवायचे, मक्याची दारू द्यायचे, त्यांचा सल्लासुद्धा घ्यायचे. मी हसत म्हटलं, ‘आमच्याकडेही जेवू घालतात, फक्त कावळ्यामार्फत.’ नवरा तिथून उठून चालायला लागला. मी हे सगळं बाबांना सविस्तर लिहिलं. त्यावरही ‘छान. पोटभर जेव.’ पुढे हिशोब लावला तेव्हा कळलं, त्याच सुमारास घाटावर बाबांचा दहावा झाला होता.

झूटरमेरला पोचलो. नवऱ्याने बॅगा दारातच ठेवल्या, चहा केला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, ‘बाबा गेले गं.’ मी विचारलं, ‘कुठे?’ खरंच असं विचारलं मी.

लांबच्या माणसाला लगेच कळवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आजी गेली तेव्हा दादाला शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं होतं. तेव्हा त्याने दोन दिवस कुणाशी तोंड उघडलं नव्हतं, आणि आता त्यानेच हे ठरवलं. फोनवर म्हणाला, ‘तू एवढ्या डोंगरातून अंत्यविधीला पोचली नसतीस. किती वर्षांनी निघाली होतीस, म्हटलं होऊ दे बिचारीचं.’ नवऱ्याला दुसऱ्या दिवशीच कळवलं होतं. बाबांच्या फोनवरून उत्तरं वहिनी लिहीत होती.

शेजारची डच आजीबाई भेटायला आली. अंत्यविधी कधी आहे, तिने विचारलं. झाला, म्हटलं. तू गेली नाहीस? मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, ‘पण हे ठरवलं कुणी?’ मी म्हटलं, सगळ्यांनी. तिला ते कळलं नाही, आणि मला समजावून सांगता येईना.

नवऱ्यावर मी ओरडले, मग बोलायची थांबले. एकदा जेवताना मात्र राहवलं नाही. ‘इंकांना निदान माहीत तरी होतं की आपण मेलेल्याला वाढतोय.’ तो म्हणाला, ‘तू जेवत होतीस. कळलं असतं तर जेवली नसतीस.’ हे खरं आहे, आणि त्याचाच मला संताप येतो. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले, तर त्याने झोप आणि भूक कशी आहे विचारलं. भूक नाही म्हटलं. थोडं थोडं खा म्हणाला.

तरी यातून कधीतरी बाहेर येईन असं वाटत होतं. मग परवा वहिनीशी बोलले. ती रडत म्हणाली, मला दुसरं काही सुचलंच नाही, म्हणून तेच लिहीत होते. मी विचारलं, शेवटी बाबा काही बोलले का. ती आधी सांगेना. मग म्हणाली, ‘तो सूपचा फोटो आला ना, त्या रात्री झोपलेच नाहीत. सारखा फोन बघायचे. पोरीला तिथे काही मिळत नाही, उपाशी असेल म्हणायचे. पहाटे मी चहा ठेवायला उठले, तर ते गेलेले होते.’

बटाट्याचा फोटो त्यानंतर पोचला. मी पोटभर जेवले होते, आणि बाबा गेले ते मी उपाशी आहे असं समजून.