सायकलच्या वाटेवरचे बाण

सोलापुरात सायकलच्या वाटेसाठी खुणा ठरवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी एकाच गोष्टीवर अडून बसलो होतो: अक्षरं नकोत. या गावात कोणी मराठी वाचतो, कोणी तेलुगू, कोणी कन्नड, कोणी उर्दू, आणि पहाटेच्या पाळीला निघालेल्या कित्येकांना यातलं काहीच वाचता येत नाही. म्हणून सायकलचं चित्र आणि बाण, बस्स. बाण सगळ्यांना कळतो, असं मी ठेकेदाराच्या ऑफिसात मोठ्या ऐटीत सांगायचो.

पत्र्याचा साचा मीच कापून घेतला. पहिल्या दिवशी सकाळभर रंगाऱ्यांपाशी उभाही राहिलो. तेव्हा एक वयस्कर गृहस्थ सायकलवरून उतरून बघू लागले. चादरीच्या कारखान्यात मागावर होते. घरात तेलुगू, बाहेर आपली मराठी.

"हे आमच्यासाठी हाय व्हय, साहेब?"

"तुमच्यासाठीच, मामा. बाण दाखवेल तसं जायचं, बिनधास्त."

त्यांना ते फार आवडलं. दुपारी मात्र मला ऊन सोसेना आणि मी ऑफिसात पंख्याखाली जाऊन बसलो.

मे महिन्यात इथं कोणी तोंडावर ऊन घेऊन काम करत नाही. रंगारी सकाळी पूर्वेकडे पाठ करून बसले होते, दुपारी ते पश्चिमेकडे पाठ करून बसले. त्यांच्याबरोबर साचाही फिरला. सकाळचे बाण रहदारीच्या दिशेने निघाले, दुपारचे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर. दुसऱ्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं. मुख्य रंगारी म्हणाला, "दुसरा हात मारताना सरळ करू की." मी बरं म्हणालो. तसेही त्या वाटेवर फळांचे गाडे आणि मोटारसायकली लागलेल्या असायच्या. तिथून जातंय कोण, असं मी हसत म्हणालो होतो.

मामा जात होते. गाडे लागायच्या आत, रोज सकाळी, बाण दाखवेल तसे. पाचव्या दिवशी कोपऱ्यावर वळणाऱ्या टेम्पोने त्यांना उडवलं. सायकल जिकडून यायला हवी तिकडे ड्रायव्हर बघत होता, आणि मामा दुसरीकडून आले.

पोलीस दुपारनंतर पंचनाम्याला येणार असं कळलं. मी अकरालाच काळ्या रंगाचा डबा घेऊन गेलो, एकटाच. उकिडवा बसून एकेक बाण बुजवला. कडाही नीट भरत होतो. नोकरी जाईल याची भीती होती, दुसरं काही नाही. त्या उन्हात रंग वाळायला वेळ लागत नाही. वर धूळ बसली आणि रस्ता रस्त्यासारखा दिसू लागला. सायकलस्वार चुकीच्या दिशेने आला, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

दोन आठवड्यांनी धीर करून दवाखान्यात गेलो. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला होता. आता मागावर उभं राहणं संपलं होतं. बायको उशाशी बसली होती. मला बघून त्यांना बरं वाटलं, याची मला जास्त लाज वाटली.

"मी पोलिसास्नी सांगितलो, बाण होता म्हणून," ते म्हणाले. "कोण ऐकंना. ही बी जाऊन बघून आली."

"न्हाय बाण तितं," बायको हळूच म्हणाली. "लई डोक्यात घेतलंय त्येंनी."

"वय झालं की. नसलेलं दिसाय लागलंय. माझ्यापायी त्या टेम्पोवाल्याला उगं तरास." मग ते माझ्याकडे वळले. "तुमी तर तितंच असता, साहेब. तुमीच सांगा. होता का बाण?"

इतके दिवस त्यांचं एवढं एकच म्हणणं होतं, आणि ते खरं असल्याचं फक्त मी सांगू शकत होतो.

"नव्हता, मामा," मी म्हणालो. "एकदा डोळे तपासून घ्या."

त्यांनी मान डोलावली. बायकोने विचारलं, डोळ्यांचा चांगला डॉक्टर कुठं आहे. मी तिला पत्ता नीट समजावून सांगितला.