फेअरवेल कोणी म्हणायचं

बेसा वस्तीतल्या पुष्पलताबाई, म्हणजे जिभेला हाड नाही अशी बाई. उभं आयुष्य शाळेत इंग्रजी शिकवलं, आता शिकवायला घरात भिंतींशिवाय कोणी नाही. नवरा वारला, मुलगा पियुष कॅनडात. जाताना ‘येतो आई’ म्हणाला, तो नुसता म्हणालाच! तेव्हापासून बाईंना त्या ‘येतो’ची चीड. निघताना ‘जातो’ म्हणणं अशुभ, म्हणून धडधडीत खोटं बोलायचं. बाप्पा, काय हे शास्त्र!

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी सुतपा बंगालची. तिच्या नवऱ्याची बदली कोलकात्याला झाली. ऑफिसातल्यांनी फेअरवेल दिलं, तिथला केक खाऊन ती बाईंकडे आली.

“काकू, फेअरवेल मतलब पार्टीच ना?”

“पार्टी कायची वं!” बाईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. “‘फेअर’ म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रवास करणं. ‘वेल’ म्हणजे नीट. नीट जा, सुखरूप पोच. मागं राहणाऱ्यानं जाणाऱ्याले म्हणायचं. जाऊन राहिला तर जाऊन राहिला म्हणायचं, आपल्या ‘येतो’सारखी लपवाछपवी नाही.”

“आमच्यात पण ‘जाई’ नाही म्हणत,” सुतपा हसली. “‘आशी’ म्हणतात. येते.”

“पाह्य! तुम्हीही लबाडच. मले खरं बोलणारं माणूस पाहिजे. तू जाशील तवा सरळ सांग, मी फेअरवेल म्हणीन.”

बोलून गेल्या खऱ्या. पण मग वरून पलंग सरकवल्याचा आवाज आला, की बाई हातातलं काम टाकून छताकडे बघत बसायच्या. संध्याकाळचा चहा दोघींचा सोबत व्हायचा. आता एकटीनं प्यायचा, या विचारानंच त्यांना रडू यायचं. सुतपा दिसली की मात्र तिला खोकी बांधू लागायच्या.

सामानाचा ट्रक पुढं गेला. फाटकाशी ऑटो उभा होता, नवरा आत बसून घड्याळ बघत होता. सुतपा वाकून बाईंच्या पाया पडली. शिकवलेलं विसरणाऱ्यांतली ती नव्हेच. डोळे पुसत, एकेक शब्द जपून ती म्हणाली,

“काकू, मी जाते.”

बाईंनी तोंड उघडलं. वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलेला ‘फेअरवेल’ शब्द, पण मेला ओठांवर येईना. त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

“जाते नको म्हणू वं,” त्या म्हणाल्या. “येते म्हण. खोटं का होईना, येते म्हण.”