गुरुजी गायब होतात तेव्हा

आमच्या शाळेतले हस्तकलेचे गुरुजी इतके हळू बोलत, की आम्हा शिक्षकांच्या खोलीत चहा वाटताना त्यांचा कप हमखास राहायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, झाला माझा."

सगळे त्यांना शोधायचे ते फक्त स्नेहसंमेलनात. तिथं ते एकट्यानं जादू करत. काळी चादर अंगापुढं धरायचे, चादर खाली पडायची आणि मंच रिकामा! पोरं बाकांखाली वाकून बघायची. मग पडद्याआडून आवाज यायचा, "मी हितंच हाय!"

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पण नळ कोरडेच. त्या दुष्काळात माणसं संमेलनालाही कळशी मांडीवर घेऊन बसलेली. गुरुजींची चादर पडली आणि नेमका फाटकात टँकरचा हॉर्न वाजला. पोरं, मास्तर, पाहुणे, सगळे धावले. घागर माझ्याही हातात होती, पण पाय निघेना.

गुरुजी पडद्याआडून आले. रिकाम्या बाकांवर नुसतं ऊन पसरलं होतं. ते बराच वेळ त्या उन्हाकडं बघत राहिले, मग सावकाश टाळ्या वाजवू लागले.

"लई भारी जमलं सगळ्यायला," ते मला म्हणाले. "पण तुमी कसं काय अजून दिसायलाव?"