फाटकापलीकडची धामण

आदिलाबादला रेल्वेचं फाटक ओलांडलं की आमची वस्ती लागायची. ते फाटक एकदा बंद झालं की इतका वेळ बंद राहायचं की अलीकडं अडकलेल्या नवरदेवाच्या मिशा पलीकडं पोचेपर्यंत पांढऱ्या व्हायच्या. एकदा एक माणूस फाटकाशी कलिंगड खात उभा होता, त्यानं बिया तिथंच थुंकल्या. फाटक उघडलं तेव्हा वेल रुळापर्यंत गेला होता आणि त्याला फळ धरलं होतं. मी स्वतः खाल्लंय ते. जरा फिकं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्या वस्तीबद्दल माझ्या मुलीचा नांदेडला मला फोन आला.

"बाबा, एक विचारते, पण खरं सांगायचं. तुमचं सांगणं मी नेहमी चारानं भागून घेते. आज भागायला वेळ नाही."

तिची बदली आदिलाबादच्या एका शाळेत झाली होती. जावई हैदराबादला नोकरीला, म्हणजे राहणार ती आणि तिची एवढीशी पोर. घर मिळत होतं ते नेमकं फाटकापलीकडं. शाळेतल्या बाया नाव ऐकूनच हळहळल्या होत्या, "पल्याड? लेकराला घेऊन?" मोबाइलवर पाहावं तर एकानं लिहिलेलं, स्वर्ग आहे, आणि त्याच्याच खाली दुसऱ्यानं, इथं कुत्रंसुद्धा ठेवू नका. घरमालकाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

"मी शाळेत असताना पोरीला ताप आला," ती म्हणाली, "तर शेजारचं दार कुणी उघडेल का? मला बाकी काही नको. तुम्ही तर तिथंच राहायचात ना?"

"म्हणूनच सांगता येत नाही," मी म्हणालो. "उद्या येऊन पाहतो."

तिला कसं सांगणार, की त्या वस्तीची बदनामी हा आमचा घरगुती उद्योग होता आणि त्यातला सगळ्यात मोठा कारागीर मी होतो?

त्याचं असं होतं. अख्ख्या वस्तीला नळ एक. उन्हाळ्यात त्याला पाणी आलं तर आलं, नाहीतर नुसता हवा फेकायचा, आणि आम्ही ती हवासुद्धा नंबर लावून घ्यायचो. अशात कुणी नवा माणूस खोली शोधत आला की आम्हाला माणूस दिसायचा नाही, त्याच्या मागं रांगेत लागणाऱ्या घागरी दिसायच्या. म्हणून वस्तीनं कधी बैठक न घेता, कुणी कुणाला न सांगता एक रीत पाडली होती. खोली विचारणाऱ्याला असं काही सांगायचं की त्यानं आल्या पावली फाटकाकडं वळावं. ज्याची खोली रिकामी होती तो घरमालकसुद्धा आमच्यात सामील असे. बिचारा, नळावर त्यालाही उभं राहायचं होतं.

समोरच्या अक्काची पद्धत सरळ. ती तेलुगू, माझ्याहून थोडी मोठी, मला तम्मुडू म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. खोलीचं नाव निघालं की ती दारात येऊन हात उडवायची, "नीळ्ळु लेवु! पाणी नाही, काहीच नाही!" कोपऱ्यावरची बाई चोरांचं सांगायची. भूत पिठाच्या गिरणीवाल्याकडं होतं. माझ्याकडं कोणतंही खातं नव्हतं, मी सगळंच सांगायचो. आमचा धंदा भांड्यांचा. तामसी, जैनथ, बाजारहत्नूर असे आठवडी बाजार करायचो. दिवसभर गंज, म्हणजे पातेली, नि पराती विकून जीभ अशी तापलेली असायची की घरी आल्यावर फुकट चालवावी लागे.

अशात माझं लग्न ठरायला आलं. मुलगी जैनथकडची, कापूस पिकवणारं घर. आमच्याकडं रीत अशी की मुलीचा बाप होकाराआधी मुलाच्या वस्तीत गुपचूप चौकशीला येतो. मायनं घरोघर सांगून ठेवलं, "माह्या पोराची चौकशी होईन, चांगलं बोलजा बाई." सगळ्यांनी कबूल केलं. गिरणीवाल्यानं तर आम्ही किती सज्जन हे इतकं पाठ केलं की गिऱ्हाइकांना ऐकवून ऐकवून त्याचं पीठ जाडं पडायला लागलं. सगळे वाट पाहत होते चार माणसांच्या जीपगाडीची.

आला एकटा म्हातारा, बसमधून उतरून, फाटक चालत ओलांडून. धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा. त्यानं ना माझं नाव घेतलं ना मायचं. गिरणीशी थांबून नुसतं विचारलं, "खोली भेटन का जी इकडं, भाड्यानं?"

झालं. खोली म्हटल्याबरोबर गिरणीवाल्याचं पाठांतर पुसलं गेलं आणि भूत बाहेर आलं. तिथून तो कोपऱ्यावर गेला, मग अक्काकडं. शेवटी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी बाजाराला निघालेलो, सायकलवर गंजांची उतरंड बांधत होतो. उन्हातून आलेला माणूस, तांब्याभर पाणी दिलं. मग सुरू झालो.

"पाण्याचं कसं हाय इकडं?" त्यानं विचारलं.

"काका, नळाच्या पायपात धामण राह्यते. पाणी याच्या आगुदर ती तोंड बाहीर काढते. ती दिसली की आमी घागरी लावतो."

"चावते का?"

"नाही जी, गरीब हाय. पण पयले ती पेते. मंग उरलं तर आपल्याले."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "अन् चोऱ्या?"

"चोर चांगले हाय. राती आंगावरची चादर नेतात, सकाळी तुमालेच विकाले आणतात. भाव वाजवी लावतात, खोटं काऊन बोलू?"

"अन् हे बाजूचं घर? भांडेवाल्याचं म्हनतात."

भांडेवाल्याचं घर म्हणजे आमचंच, आणि त्याच्या शेजारची खोली रिकामी होती. मला वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा तिच्यावर. मी आवाज खाली आणला. "त्याइच्या बाजूले तर चुकूनबी राहू नका. माय बरी हाय. पण पोरगा! सकाळी उठला की पयले खोटं बोलते, मंग तोंड धुते. जर्मनचा गंज चांदीचा म्हनून विकते."

"अस्सं," म्हातारा म्हणाला. त्यानं तांब्या पुढं केला, मी पुन्हा भरून दिला, तो सावकाश प्याला, आणि फाटकाकडं निघून गेला. मी खूश. एक रांगेतला कमी झाला.

संध्याकाळी मामा आला. स्थळ त्यानंच आणलं होतं. ओट्यावर बसत म्हणाला, "काय मंग, पाहुणे येऊन गेले म्हनं! खोली पाहाचं निमित्त केलं त्याइनं. लय हुशार मानूस."

माय माझ्याकडं वळली. तिच्या हातात उलथनं होतं. पुढचं सांगत नाही.

बातमी नळापर्यंत पोचायला फाटकाइतकाही वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन गेलो तर अख्खी रांग बाजूला झाली. "भर बापा, तू पयले भर." जन्मात असं झालं नव्हतं. घरात मयत झाल्यावर देतात तसा मान मला मिळत होता. अक्का पदर तोंडाला लावून उभी. गिरणीवाला म्हणाला, "मी भुताचं जरा जास्तच सांगितलं रे." त्या उन्हाळ्यात मी जितकं पाणी भरलं तितकं आधी कधी भरलं नव्हतं नि नंतरही नाही. पण ते गोड लागेना.

आणि मग मामा परत आला तो साखर घेऊन. होकार होता.

का, ते लग्नानंतर बायकोनं सांगितलं. म्हातारा घरी जाऊन म्हणाला होता, "चार घरी गेलो. चारी घरी मानूस पाणी नाही म्हनून सांगाले दारात आला, अन् येतानाच तांब्या भरून घेऊन आला. पयले पाणी देल्लं, मंग नाही म्हनलं." घरच्यांनी माझ्याबद्दल विचारलं तेव्हा इतका हसला की ठसका लागला. सायकलवर गंजांची उतरंड बांधता बांधता मी स्वतःचीच निंदा करतोय, हे मी सोडून सगळ्या जगाला दिसत होतं. "पोट्टा खोटा हाय," तो म्हणाला, "पण सोताच सांगते. लपवाले काय राह्यलं?"

मग सुखाचे दिवस होते ते. हंगामात जवळच्या जिनिंग मिलमधला कापूस असा उडायचा की रात्री बारीक माणूस झोपावा आणि सकाळी गादी उठावी. माझी मुलगी त्याच कापसात रांगली. बायको कामाला असली की ती अक्काच्या मांडीवर, अक्का नळावर असली की गिरणीवाल्याच्या बायकोकडं. संध्याकाळी पोर कोणत्या घरी आहे हे आम्हाला हाक मारूनच कळायचं, आणि ओ कधी मराठीत यायची, कधी तेलुगूत. बायकोही तरबेज झाली. पहिल्याच उन्हाळ्यात खोली विचारणाऱ्या एका जोडप्याला तिनं सांगितलं, "माही सासू चावते." माय आतून ओरडली, "दात कुठी राह्यले व!" पुढं माय गेली, नांदेडला दुकान मिळालं आणि आम्ही उठलो. मुलीला यातलं काही आठवत नाही, दोन वर्षांची असेल नसेल.

तर दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन मी फाटकाशी उतरलो. सासऱ्याचीच युक्ती करायची ठरवली. वेष बदलायची गरज नव्हती, टक्कल नि पोट यांनी ते काम आधीच केलं होतं.

वस्ती ओळखू येईना. दुमजली घरं, घरोघर नळ, दारोदार गाड्या. मोबाइलच्या दुकानातल्या पोराला खोलीचं विचारलं तर तो म्हणाला, "अंकल, एकदम पॉश एरिया. आँख बंद करके ले लो." घरं दाखवणारा एक दलाल भेटला, त्यानं शाळा, दवाखाना, देऊळ, बाजार सगळं हाताच्या अंतरावर आणून ठेवलं. असा थापाड्या आमच्या काळी असता तर मी धंदा सोडला असता. जो तो स्तुती करत होता. आणि ऊन चढत होतं. बायकोचा घसा कोरडा पडला, तर मोबाइलवाल्या पोरानं शेजारच्या दुकानाकडं बोट केलं, "वहाँ ठंडी बाटली मिलती."

बायको तिथंच थांबली. "नको आपल्या पोरीले इथं," ती म्हणाली. "कोनी वाईट बोललं नाही, पण कोनी या बसा म्हनलं का?"

मलाही ते लागलं. परत फिरणार, तेवढ्यात आमची जुनी गल्ली दिसली. आमचं घर पाडून तिथं नवं झालं होतं. मुलीला मिळत होतं ते त्याच्या पलीकडचंच. समोर बाजेवर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती. डोळ्यांना जाड भिंगं. मी अंतर ठेवून विचारलं, "खोली आहे का इकडं भाड्यानं?"

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात ठेवून उठली, अय्यो म्हणत आत गेली, आणि हिंदकळता तांब्या घेऊन बाहेर आली. आधी बायकोला दिला, मग मला. आम्ही पिईपर्यंत थांबली. मग हात उडवला.

"नीळ्ळु लेवु! पाणी नाही, काहीच नाही! राहू नका इथं."

तिच्यामागं अंगणात नळ टपटप गळत होता.

"नळ आहे की," मी म्हणालो.

"नळात नाग हाय. पयले धामण होती. तिनं नाग केला. आता नातवंडं हाय त्याइले. एका नागिनीचं बाळंतपन मी केलं, ह्या हातानं." तिनं शेंगांनी हिरवे झालेले हात दाखवले. माझी धामण! इतक्या वर्षांत तिचा वंश किती वाढला होता! मी आयुष्यात इतका अभिमान कशाचा केला नाही.

"आणि ह्या बाजूच्या घरात कोण राहायचं?"

"भांडेवाला. त्याचा पोरगा सकाळी उठला की पयले खोटं बोलायचा, मंग तोंड धुवायचा." तिनं शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "आता पोट सुटलं त्याचं. तांब्या ठेव खाली, तम्मुडू, अन् बस. उभ्यानं पाणी पेऊन कुठी पळून राह्यला?"

बायको तिच्या गळ्यात पडली. दोघी काय बोलल्या ते सांगत नाही, कारण मला भिंतीकडं तोंड करून उभं राहावं लागलं होतं. डोळ्यात कापूस गेला होता. हंगाम होता ना.

"लेक येऊन राह्यली का इथं?" अक्कानं मग विचारलं. "लेकरू केवढं हाय?"

बायकोनं कमरेएवढा हात धरून दाखवला. अक्कानं सुपातले दाणे एकीकडं सारून बाजेवर तेवढी जागा केली आणि ती हातानं साफ केली.

मी फाटकाशी येऊन मुलीला फोन लावला. "घर घे," म्हणालो.

ती म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच. शेजारचं दार उघडतं."

"बाबा, नक्की काहीतरी लपवताय तुम्ही. तुम्ही कधी दोन वाक्यांत थांबत नाही. काय आहे तिथं? खरं सांगा."

फाटक बंद होतं, गाडीचा पत्ता नव्हता. मी रुळाशेजारच्या दगडावर ऐसपैस बसलो.

"बरं, ऐक," मी म्हणालो. "त्या घराच्या नळात एक धामण आहे..."

"हां," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "आता बोला."