राखेला महाग शहर

नंदिगड्डा गावच्या बायजाला लिस्बनची पहिली शिसारी आली ती विमानतळावरच्या संडासात. तिथं पाणी नव्हतं, कागद होता. बाहेर येऊन ती रक्षाला म्हणाली, "हितली मानसं कागदानं पुसून तशीच जेवाय बसत्यात व्हय?" रक्षा गावाजवळच्याच जोयड्याच्या एका संस्थेतली, इंग्रजी जाणणारी पोरगी. कंदमुळांच्या प्रदर्शनासाठी बायजाला तिनंच इतक्या लांब आणलं होतं.

बायजाचं सगळं आयुष्य डोंगरात गेलेलं. साठीला टेकली तरी लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन ती घाट चढते. त्यामुळे या शहरातले चढ-उतार आणि जिन्याजिन्यांच्या गल्ल्या तिच्या खिजगणतीतही नव्हत्या. पण पायरीपायरीवर कुत्र्याचं मूत! आणि प्रदर्शनाच्या यजमानानं तर कमालच केली. त्यानं आपल्या कुत्र्याला खुशाल तोंड चाटू दिलं, हातानं लाळ पुसली आणि त्याच हातानं पाव कापून बायजापुढे ठेवला. बायजानं पदर नाकाला लावला. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

एवढं सगळं ती सोसत होती ते एका कोनफळासाठी. जांभळ्या गराचं, सासूनं जपून तिच्या हाती दिलेलं वाण. यंदा रानडुकरांनी वेल उकरून सगळं फस्त केलं, त्यातून हे एकच वाचलं होतं. घरी ठेवावं तर सून शिजवून टाकील ही धास्ती. "नुसतं दाखवायचं, बायजाक्का. कागदपत्रं केल्यात, परत नेऊया," असा रक्षानं शब्द दिला, तेव्हा कुठे ते गाठोड्यात बसलं. येत्या पावसाआधी ते मातीत गेलं नाही, तर वाण कायमचं संपणार होतं.

दुपारी ती मंडपात गेली, तर पांढऱ्या ताटलीत कोनफळाच्या दोन फोडी! आतला रंग लोकांना दिसावा म्हणून यजमानानं ते मधोमध कापलं होतं आणि आता चकाकी यावी म्हणून तेलाची बाटली घेऊन उभा होता.

"हात झडोत तुझे!" बायजा कडाडली. ज्या तोंडाला मोड येतो ती वरची फोड तिनं झडप घालून उचलली. "ही माझी. ती खालची ऱ्हाऊ दे तुला. तेल लाव, न्हाईतर डोक्याला थाप!"

कापलेल्या बियाण्याला लगेच राख चोळावी लागते, नाहीतर ते कुजतं. परत जायला अजून आठ दिवस होते. "रक्षा, राख माग ह्यास्नी." रक्षानं विचारल्यावर यजमानानं मोठ्या अदबीनं सिगारेटच्या थोटकांनी भरलेली वाटी पुढे केली. बायजानं ती वाटी कोपरानं लांब सारली. शेजारच्या खाणावळीत विचारलं, तर तिथं विजेच्या शेगड्या.

"चूल न्हाई, मूठभर राख न्हाई, आनि म्हनं मोठं शहर! थू!" फोड ओच्यात घेऊन ती तरातरा चढ चढू लागली. रक्षा मागून धापा टाकत होती.

वरच्या वळणावर धूर दिसला. एक म्हातारी गाड्यावर कोळशाच्या शेगडीत फणसाच्या आठळ्यांसारखं काहीतरी भाजत होती. बायजानं शेगडीखालच्या राखेकडे बोट दाखवलं आणि फोड पुढे धरली. रक्षा इंग्रजीत समजावू लागली, पण म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं. तिनं फोड हातात घेतली, उलटी करून मोडाची जागा पाहिली. मग गाड्याच्या कडेची गार राख चिमटीत घेतली आणि कापल्या जागी चोळली. कडांना पुन्हा एकदा चोळली, फुंकर मारली आणि फोड बायजाच्या ओच्यात ठेवली.

म्हातारीची नखं काजळीनं काळीकुट्ट होती. त्याच बोटांनी तिनं शेगडीतली एक बी सोलून बायजापुढे धरली. बायजानं ती न पुसता तोंडात टाकली.