अप्पांच्या वह्यांतलं आकाश

आमचे अप्पा एकवीस वर्षं रोज पहाटे गच्चीवर जाऊन आकाश ऐकत. निदान त्यांची तशी समजूत होती.

ते तिरुवैयारुच्या रस्त्यावरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. आमचं घर तंजावूरच्या टोकाला, मागं नुसती भाताची शेतं. मी नववीत असताना त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की पृथ्वीभोवतीच्या अवकाशात पहाटेच्या बाजूला प्लाझ्माच्या लहरी उठतात, आणि त्या स्पीकरवर लावल्या तर पाखरांच्या किलबिलाटासारख्या वाटतात. प्रत्येक चिवचिव खालून वर चढत जाणारी. झालं! अप्पांनी लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून अँटेना केली, तिला एक जुना अँप्लिफायर जोडला आणि कानांना हेडफोन लावून बसले. पहिल्याच आठवड्यात त्यांना चढते आवाज ऐकू आले. त्या दिवशी ते आंघोळ न करताच शाळेत गेले.

दर वर्षाला एक वही. मराठी आमच्या घरातली, पण लिपी तमिळ, कारण देवनागरी आमच्याकडे फारसं कुणाला येत नाही. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात चढत्या आवाजांची संख्या, आणि वर मथळा: आकाश. खाडाखोड नाही. त्यांचा प्रयोगशाळेतला नियम घरीही चाले. चुकलेलं खोडरबरानं पुसायचं नाही. वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर काय ते लिहायचं, आणि ज्यानं चूक केली त्यानंच खाली सही-तारीख घालायची. दुसऱ्याच्या चुकीवर सही केलेली त्यांना खपत नसे. दहावीत मी बहिणीच्या वहीवर केली होती, तेव्हा दोघींनाही बोलणी बसली.

त्या लहरींच्या मागं मी लागले ती त्यांच्यामुळंच. पुण्याला पीएच.डी.ला गेले, तिथंच हे असं मराठी लिहायला शिकले. माझा विषय साधा सांगायचा तर असा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन रेषांभोवती गिरक्या घेत उत्तर-दक्षिण येरझारा घालत असतात. लहर एखाद्याच्या गिरकीशी जुळली की त्याला ढकलत जाते. काही इतके वेगात येतात की उपग्रहांची यंत्रं जाळतात. काहींची दिशा तीच लहर अशी वळवते की ते खाली वातावरणात कोसळतात आणि संपतात. कोण चढणार आणि कोण पडणार, हे लहर भेटली त्या क्षणावर असतं.

या लहरी जमिनीवर ऐकू येतात त्या दूर उत्तरेला आणि दक्षिणेला, ध्रुवांकडं. तंजावूर चुंबकीय विषुववृत्ताला चिकटून आहे. आमच्या डोक्यावरून त्या चुंबकीय रेषा आडव्या आणि कमी उंचीवरून जातात, लहरी जिथं उठतात तिथवर पोचतच नाहीत. मासिकात हे छापलं नव्हतं. मला पुण्यात पहिल्या महिन्यातच कळायला हवं होतं. पण बापाच्या वह्यांवर कोण कशाला संशय घेईल?

दुसऱ्या वर्षी मी त्यांच्या आकड्यांची उपग्रहाच्या नोंदींशी तुलना केली. काही म्हणता काही जुळेना. मग एक गोष्ट डोळ्यांत भरली. ज्या महिन्यांत कावेरीचं पाणी कालव्याला येतं, त्या महिन्यांत अप्पांचं आकाश जवळजवळ मुकं. मे महिन्यात, कालवा कोरडा असताना, सुट्टीला आले तेव्हा पहाटे मीच हेडफोन लावला. सहाला थ्री-फेज करंट आला आणि मागच्या शेतांतल्या बोअरच्या मोटरी एकामागून एक आपोआप सुरू झाल्या. मोटर वेग घेताना कानात आवाज चढत जाई. चढता, चढता, आणखी एक चढता. अप्पा शेजारी बोटांवर मोजत होते.

तेव्हाच सांगायचं होतं. धीर झाला नाही. उलट प्रबंधाच्या पहिल्या पानावर ‘मला ऐकायला शिकवणाऱ्या अप्पांना’ असं छापलं. त्यांनी ते पान फ्रेम करून भिंतीवर लावलं. मग मला तंजावुरातच कॉलेजात नोकरी लागली, आणि रोज पहाटे अंथरुणातून मी त्यांची पावलं ऐकू लागले. पुढं पुढं एकेका पायरीवर थांबणारी. मी त्यांच्या गुडघ्यांना तेल आणून दिलं. खरं काय ते सांगितलं नाही. अशी नऊ वर्षं गेली.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजनं या विषयावर माझं व्याख्यान ठेवलं. अप्पांनी पिशवीत वह्या भरल्या.

“मीही दोन शब्द बोलतों. पोरांना कळूं दे, तंजावुरांतूनही हें होतं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचं हसं होईल म्हणून नव्हे, माझं होईल म्हणून. मी फाडफाड सगळं सांगून टाकलं. विषुववृत्त, कालवा, मोटरी. अप्पांनी पिशवी हळूच खाली ठेवली.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “कालव्याचं मला सुचायला पाहिजे होतं.” मग विचारलं, “तुला कधीं कळलं हें?”

मी त्या मे महिन्यातली तारीख सांगितली.

“आणि मला रोज वर चढूं दिलंस?”

त्यानंतर ते गच्चीवर गेले नाहीत. खोलीत टेबलापाशी बसत, दार लोटलेलं असे. मीही आत गेले नाही. तीन महिन्यांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, आणि आठवड्याभरात तेही गेले.

तेराव्यानंतर मी वह्या उघडल्या. पहिल्या पानापासून ‘आकाश’वर बारीक एक रेघ, शेजारी ‘मोटर’, खाली त्यांची सही आणि तारीख. पानामागून पान, वहीमागून वही. अक्षर कुठंही हललेलं नाही. तेराव्या वहीत त्या मे महिन्यातली ती तारीख येते, तिथपर्यंत.

पुढची नऊ वर्षं त्यांनी तशीच ठेवली होती. रेघ नाही, ‘मोटर’ नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी फक्त पेन्सिलीनं एक फुली मारलेली, शाळेत पालकांना सहीची जागा दाखवायला मारत तशी. त्या फुलीशेजारी माझी आद्याक्षरं.

रोज कॉलेजला निघण्याआधी मी दोन पानं करते. रेघ मारते, ‘मोटर’ लिहिते, सही करते. तारीख आजची घालावी लागते.