कीड आढळली नाही

सगळी नोकरी मी पीकविम्याचे दावे तपासण्यात घालवली. लष्करी अळीच्या डोक्यावर उलटा 'वाय' असतो, हे मी राजस्थानातल्या कितीतरी गावांत फळ्यावर काढून दाखवलंय. तेही ज्यांच्या मक्यात ती रोज दिसत होती, त्यांनाच.

निवृत्तीनंतर आम्ही जयपुरातच राहिलो. मानसरोवरच्या आमच्या घरापुढे छोटंसं लॉन आहे. पावसाळा सरताना त्यावर तपकिरी चट्टे पडले. ते लॉन लावणारे, वर्षानुवर्षं जपणारे माळीकाका म्हणाले, "साहब, कीड़ा लगा है."

"दिखाओ," मी म्हणालो. दावा करणारा खोटंच बोलतोय असं धरून चालायचं, ही नोकरीतली सवय. जेवण उरकून, चष्मा चढवून मी भर दुपारी लॉनवर रांगलो. एक अळी सापडेल तर शपथ! माळीकाका पाणी घालायला टाळाटाळ करतात, असा निकाल मी तिथेच दिला. "कल से मत आना." ते खुरपं उचलून निघून गेले. बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग पाण्याचा पाइप मी हाती घेतला. लॉनवर साळुंक्यांचे थवे उतरू लागले. माझ्या हाताला गुण आहे म्हणून पाखरं येतात, असं लिहून मी नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटोसुद्धा टाकले. खरं तर त्या साळुंक्या अळ्या टिपत होत्या. चट्टे वाढतच गेले.

एका संध्याकाळी बायकोने कपड्यांचं उरलेलं साबणाचं पाणी लॉनवर ओतलं आणि मला हाक मारली. पाचेक मिनिटांत गवतातून अळ्या वर येऊ लागल्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या मूठभर. प्रत्येकीच्या डोक्यावर उलटा 'वाय'.

"मतलब, इतकी वर्षं तुम्ही नक्की काय तपासत होतात?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जवाहर नगर गाठलं. माळीकाका तिथल्या एका बंगल्यात कुंड्या भरत होते. मी हात जोडून माफी मागितली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "दोपहर में कहाँ दिखेगा, साहब? धूप में नीचे जड़ों में घुस जाता है. शाम को निकलता है."

"तो उसी दिन बताते!"

"आप सुन कहाँ रहे थे?"

त्याच संध्याकाळी येऊन त्यांनी निंबोळी अर्क फवारला. बादली धरायला मी होतो. आठवडाभर फवारणी चालली आणि गवताला नवे कोंब फुटले. बायको खूश झाली.

मला मात्र एकच गोष्ट छळते. ऑफिसची जीप सकाळी निघायची, वाटेत चहा व्हायचा, सरपंचाकडे पुन्हा चहा व्हायचा. शेतात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं. शेतकरी म्हणायचा, "साहब, शाम तक रुक जाइए." तो मला जेवायला थांबवतोय, असं समजून मी घड्याळ बघायचो आणि फॉर्मवर 'कीड आढळली नाही' असं लिहून, सही करून निघायचो.